नामुन्येचा आवाज

सालोंगो म्पीमाच्या व्हिडिओ हॉलच्या ओसरीवर माझं शिवणयंत्र असतं. हॉलची भिंत फळ्यांची, वर पत्रा. आत जे चालतं ते मला बाहेर शब्दन् शब्द ऐकू येतं, त्यामुळे चित्रपट मी पाहिले कमी आणि ऐकले जास्त. शाळेचे गणवेश शिवता शिवता किती माणसं मेली आणि किती गाड्या दरीत गेल्या, त्याला गणती नाही.

पण नामुन्येचा चित्रपट लागला की मी मशीनवर फडकं टाकायची आणि आत जाऊन बसायची. आमच्या न्येंडो गावात सगळेच तसं करायचे. केळ्यांचे घड उतरवणारे हमाल ट्रक अर्धा सोडून यायचे.

नामुन्ये म्हणजे धोबी पक्षी, अंगणातून शेपटी हलवत ऐटीत चालणारा. पडद्यावरच्या त्या गुप्तहेराचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी वेगळंच होतं. पण पहिल्याच चित्रपटात तो कोटाचं बटण लावत, मान उडवत एका हॉटेलात शिरला, तेव्हा आमचा व्हीजे वालुसिंबी माइकमध्ये म्हणाला, "आले बघा नामुन्येसाहेब, आता अंगणातले किडे संपले!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

व्हीजे म्हणजे पडद्याशेजारी माइक धरून बसणारा आणि इंग्रजी चित्रपट आम्हाला आमच्या लुगांडा भाषेत सांगणारा माणूस. बाईचा, पोराचा, खुन्याचा, सगळ्यांचे आवाज तोच काढतो. खलनायकाला शिव्या देतो, गोळी कुठून येणार ते आधीच सांगतो, मधेच एखाद्याला "ए, बाकावरचे पाय खाली" म्हणून दम भरतो. वालुसिंबी यात राजा होता. मसाक्यापासून लुकायापर्यंत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

नामुन्येचे आठ चित्रपट आले आणि त्यात तीन नट बदलले. पहिला उंच, थंड डोळ्यांचा. दुसरा हसरा, त्याच्या केसांवर आमच्या बाजारातल्या निम्म्या बायका भाळलेल्या. तिसरा बुटका, रेड्यासारख्या मानेचा, आणि सदा कशानं तरी दुखावल्यासारखा. यांच्यातला खरा नामुन्ये कोण, यावर हॉलसमोर ओमाराच्या चपातीच्या गाडीपाशी जी भांडणं व्हायची, तेवढी कधी निवडणुकीवरूनही झाली नाहीत.

"खरा पहिला," क्येयुने म्हणायचा. मोटरसायकलवर भाडी मारणाऱ्यांच्या थांब्याचा तो अध्यक्ष, आणि अध्यक्षासारखाच बोलायचा. "बाकीचे दोन नुसते पगारी. पहिला दारातून आत आला की समजायचं, कुणाचा तरी बाजार उठला."

"तिसराच खरा," नाब्बोसा म्हणायची.

"तिसरा? अगं, तो रडतो!"

"रडत नाही, रडू आवरतो. फरक आहे."

"गुप्तहेरानं आवरायचं कशाला? त्याला रडू येताच कामा नये. पहिल्यानं एवढी माणसं लोळवली, एकदा तरी नाक ओढलं?"

"म्हणून तर तो मला कधी माणूस वाटला नाही. कापडाच्या दुकानातला पुतळा वाटला. हातात बंदूक दिलेला."

ओमारा हसून हसून चपाती करपवायचा. क्येयुने म्हणायचा, "न्याबो, अहो बाईसाहेब, तुम्ही आपल्या मेलेल्यांकडे बघा. जिवंत माणसांतलं तुम्हाला काय कळतंय!"

हे तो म्हणायचा त्याला कारण होतं. नाब्बोसा आमच्या इथल्या रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचायची. आमच्याकडे माणूस गेलं की घरचे आधी रेडिओकडे माणूस पाठवतात. मग सकाळच्या चहाच्या वेळी तिचा आवाज लागायचा, सावकाश, एका पट्टीत: अमक्या गावचे अमके गेले, दफन बुधवारी, ही बातमी कळावी कंपाल्यातल्या त्यांच्या मुलाला, क्योटेऱ्यातल्या त्यांच्या बहिणीला... तो आवाज लागला की घराघरात चमचा हवेत थांबायचा. चांगली हसती-बोलती, पस्तिशीची बाई. दोन मुलं एकटीनं वाढवत होती. पण बाजारात ती मागून "ओमारा, एक चपाती दे" म्हणाली तरी पुढचा माणूस दचकायचा. कुणाचं काय झालं म्हणून वळून बघायचा.

नववा चित्रपट येणार अशी कुणकुण लागली त्याच सुमारास वालुसिंबीचा घसा बसला. आधी आम्हाला वाटलं, सर्दी. मग मसाक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, घशात गाठ आहे, कंपाल्याला जाऊन कापावी लागेल, आणि तोवर एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द! वालुसिंबीला हे सांगणं म्हणजे कोंबड्याला पहाटे गप्प बस सांगणं.

सालोंगो म्पीमानं कंपाल्याहून एक भाड्याचा व्हीजे आणला. डोळ्यांवर काळा चष्मा, तोही अंधाऱ्या हॉलमध्ये. त्याला नामुन्ये कोण हेच माहीत नव्हतं. त्यानं त्याला "जॉनी" म्हटलं. नामुन्येचा म्हातारा ड्रायव्हर, ज्याला वालुसिंबीनं पहिल्यापासून जाज्जा म्हणजे आजोबा केलं होतं, त्याला या माणसानं नोकर केलं. लोकांनी कणसांची बुरकुंडं फेकली. चष्मा तिथेच टाकून तो पळाला. तो चष्मा पुढे ओमारा घालत असे.

मग हॉलमध्ये नुसतं इंग्रजी सुरू झालं. लोक यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे. त्या शांततेत मला माझ्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

एका दुपारी नाब्बोसा आली, माझ्या मशीनपाशी पिशवी ठेवली आणि सालोंगोसमोर जाऊन उभी राहिली. सालोंगो फळ्यावर खडूनं फुटबॉलचे सामने लिहीत होता.

"सालोंगो, नामुन्येला मी बोलते."

"कुठे बोलतेस?"

"माइकवर. व्हीजे म्हणून."

खडू फळ्यावरच थांबला. "न्याबो, डोकं ठिकाणावर आहे ना? बाई व्हीजे? आणि तीही तू? लोक इथे मजा करायला येतात. तुझा आवाज ऐकला की आधी घरी फोन लावतील, सगळे जिवंत आहेत ना म्हणून."

"एक दुपार द्या. बिघडलं तर पुन्हा विचारणार नाही."

हे ती खोटं बोलली. बिघडलं आणि तिनं पुन्हा विचारलं. पण ते पुढे.

सालोंगोकडे तरी दुसरं कोण होतं? त्यानं तिला पाचवा चित्रपट दिला, दुसऱ्या नटाचा, हसऱ्याचा. लोकांना तो तोंडपाठ होता. घरी मुलं झोपल्यावर नाब्बोसानं तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि वालुसिंबीचे सगळे विनोद घोकले. मला म्हणाली, "नाकाट्टे, बघ, लोकांना हवं तेच देते."

त्या दुपारी हॉल गच्च भरला. काहीजण चित्रपटासाठी आले होते, बरेचसे तिच्यासाठी आले होते, तिची फजिती बघायला. सुरुवात बरी झाली. पण गाड्यांचा पाठलाग सुरू झाला आणि तिला दम पुरेना. वालुसिंबी तिथे बंदुकीसारखा बोलायचा. नाब्बोसा घाबरली, आणि घाबरल्यावर माणूस ज्या वाटेनं रोज जातो त्याच वाटेला लागतो. तिचा आवाज सावकाश झाला, एका पट्टीत आला. गाडी कड्यावरून खाली चालली होती आणि ती म्हणाली, "आणि ही गाडी... आता... खाली जात आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "दफन कधी?"

क्येयुने उभा राहिला. "ही बातमी कळावी गाडीच्या मेकॅनिकला!"

हॉल हसून फुटला. तिनं पुढचे दोन विनोद मारले, वालुसिंबीचेच, पण तिच्या तोंडी ते उष्ट्या अन्नासारखे लागले. चित्रपट संपायच्या आत निम्मे बाक रिकामे झाले. मी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती, मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"मी वालुसिंबी व्हायला गेले," ती म्हणाली. "कशाला गेले? मला तर त्याचा नामुन्ये पटतही नाही."

दुसऱ्या दिवशी रेडिओच्या साहेबानं तिला बोलावलं. एका कुटुंबानं तक्रार केली होती: आमच्या बापाची बातमी वाचणारी बाई हॉलमध्ये बसून गाड्यांची नक्कल करते, ही थट्टा आहे का? साहेब म्हणाला, हॉल सोड नाहीतर इथला माइक सोड. विचार करायला त्यानं तिला आठवडा दिला.

"सोड बाई तो हॉल," मी म्हणाले. "दोन मुलं आहेत. नामुन्ये काय त्यांना जेवायला घालणार आहे?"

ती पिशवी उचलून घरी गेली. पण त्याच आठवड्यात नववा चित्रपट आला. सालोंगोनं तबकडी आम्हा दोघींना आधी दाखवली. आम्ही दार लावून चित्रपट पाहिला. इंग्रजी नाब्बोसाला बऱ्यापैकी येतं, ती मला हळू आवाजात सांगत होती. तिसराच नट होता, थोडा म्हातारा झालेला. गुप्तहेर खात्याची प्रमुख आता एक बाई होती. आणि चित्रपटाच्या मध्यावर जाज्जा मरत होता. आठ चित्रपट ज्यानं नामुन्येची गाडी चालवली, ज्याच्यावर वालुसिंबीनं नुसते विनोद केले, तो म्हातारा एका पुलावर, नामुन्येच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होता.

चित्रपट संपला तेव्हा नाब्बोसा उठून म्हणाली, "चल, वालुसिंबीकडे जायचंय."

त्याचं घर टेकडीच्या उतारावर होतं. अंगणातल्या फणसाखाली तो चटईवर बसला होता, गळ्याला फडकं गुंडाळून. नाब्बोसा रीतीप्रमाणे त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी त्याचा हात धरून विचारपूस केली. त्याची बायको चहा घेऊन आली.

"नवव्याला मी बोलणार आहे," नाब्बोसा म्हणाली. "तुम्हाला सांगितल्याशिवाय करायचं नाही म्हणून आले."

वालुसिंबीनं मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. मग बायको ओरडत असतानाही तो कुजबुजला, "नामुन्ये माझा आहे."

"आठ तुमचे," ती म्हणाली. "नववा अजून कुणाचाच नाही."

"तू त्याला रडवशील."

"त्याला भीती वाटते, सेबो. पहिल्यापासून वाटते. तिसऱ्या चित्रपटातल्या विमानात वाटली होती, सहाव्यातल्या तळघरात वाटली होती. तुम्ही दर वेळी त्यावर एक विनोद टाकलात."

गुडघे टेकूनच, सेबो म्हणजे साहेब असा मान देऊनच बोलत होती, आवाज चढवला नाही. पण त्याच्या बायकोनं हातातली बशी खाली आपटली. मला वाटलं आता जमिनीनं मला पोटात घ्यावं. वालुसिंबी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळाची शीर फुगली. त्याला केवढं बोलायचं होतं! शेवटी तो उठला, घरात गेला आणि आतून कडी लावली. चहा तसाच राहिला.

खाली उतरताना मी म्हणाले, "झालं तुझं समाधान? आशीर्वाद मागायला आलीस आणि शाप घेऊन चाललीस."

"आशीर्वाद कुठे मागितला? कळवायला आले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रेडिओवर त्या दिवसाच्या बातम्या वाचल्या, प्रत्येक नाव नीट घेतलं, आणि मग साहेबाच्या टेबलावर स्टुडिओची किल्ली ठेवून आली. हॉलमध्ये तिला ठेवतील की नाही याचा तोवर पत्ता नव्हता. मी कपाळावर हात मारला. सालोंगोनं तर दोन्ही हात वर केले: "माझ्यावर उपकार करू नकोस गं बाई!"

"उपकार नाही. मी किल्ली दिली, आता तुम्ही माइक द्या."

टोळांचे दिवस होते ते. बाजारात बायका पंख खुडत बसलेल्या, तळलेल्या टोळांचा खमंग वास सगळीकडे. शनिवारी दुपारी हॉलचं दार उघडलं तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती, प्रत्येकाच्या हातात टोळांची पुडी. नववा नामुन्ये! व्हीजे कोणी का असेना, तो चुकवणार कोण?

क्येयुने आपला सगळा थांबा घेऊन आला होता. आणि सोबत काय आणलं होतं? सालीचं कापड. झाडाच्या सालीचं ते तांबूस कापड, ज्यात आम्ही आमची माणसं गुंडाळून पुरतो. ते त्यानं सगळ्यांदेखत व्हीजेच्या टेबलावर अंथरलं.

"न्याबो," तो मोठ्यानं म्हणाला, "आज नामुन्येला पुरायचंच आहे तर रीतसर पुरू."

हॉल हसला. सालोंगोनं मान खाली घातली. मी दारात उभी होते. नाब्बोसानं ते कापड उचललं, चार घड्या केल्या, बाकावर ठेवलं आणि त्यावर बसली.

"बरं झालं, क्येयुने," ती माइकमध्ये म्हणाली. "ही फळी टोचत होती."

यावर जे हसू आलं ते वेगळं होतं. क्येयुनेचे दोन साथीदारही हसले, आणि त्यानं त्यांच्याकडे वळून डोळे वटारले.

चित्रपट सुरू झाला. वालुसिंबीचा एकही विनोद तिनं घेतला नाही. ती कमी बोलत होती. गाड्या धावत होत्या तेव्हा ती चक्क गप्प बसली, फक्त "धर... धर... आता!" एवढंच. बाई प्रमुख पडद्यावर आली तेव्हा पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "ही कुठून आली? साहेबाची बायको काय?" नाब्बोसानं त्या प्रमुख बाईच्याच तोंडी घातलं, "पुढच्या बाकावरच्यांनी टोळ चावताना तोंड बंद ठेवावं." पडद्यावर ती नेमकं तेव्हाच बोट रोखून बोलत होती. त्या माणसाची पुडी हातातून पडली.

मग छपरावरचा प्रसंग आला. नामुन्ये उंच इमारतीच्या कडेला लोंबकळत होता. वालुसिंबी असता तर म्हणाला असता, "खाली बाजार दिसतोय, काही आणायचंय का?" नाब्बोसा म्हणाली, "त्याचे हात बघा. त्याला भीती वाटतेय."

"घाम आहे तो!" क्येयुने ओरडला.

"आणि घाम कशानं आला?"

"ऊन आहे!"

"बर्फ पडतोय, क्येयुने."

खरंच पडद्यावर बर्फ पडत होता. लोक हसता हसता बाकांवरून घसरले. पण हसून झाल्यावर सगळे त्या हातांकडेच बघत राहिले, हे मी पाहिलं.

पुलावरचा प्रसंग आला. जाज्जा पडला. नामुन्येनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इंग्रजीतही तिथे कोणी फार बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं. हॉलमध्ये दोघेतिघे सवयीनं खिदळले, वालुसिंबीचा विनोद आता येईल म्हणून. नाब्बोसानं माइक जवळ ओढला. मग तो आवाज लागला. सकाळचा, सावकाश, एका पट्टीतला. या वेळी तो घाबरून निसटलेला नव्हता. तिनं तो मुद्दाम लावला होता.

"जाज्जा गेले. म्हातारे होते, डावा गुडघा दुखायचा, तरी कधी गाडी उशिरा आणली नाही. दफन उद्या. ही बातमी कळावी त्यांच्या मुलीला, जिला बाप काय काम करतो ते कधी सांगता आलं नाही. ही बातमी कळावी त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांना. ही बातमी कळावी गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला, ज्यानं एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही पुढे येऊन विचारलं नाही, की तुम्ही जेवलात का."

पडद्यावर नामुन्येनं तेव्हा तोंड फिरवलं. मी शपथेवर सांगते, तो ऐकून फिरवतोय असं वाटलं.

कोणी टोळ चावत नव्हतं. बाकांवरच्यांपैकी कुणाची आई गेली होती, कुणाचा भाऊ गेला होता, सगळ्यांची बातमी याच आवाजानं सांगितलेली. क्येयुनेची आई मागच्या वर्षी गेली तेव्हा तो भाडं घेऊन लांब गेला होता. एका पेट्रोलपंपावर रेडिओ चालू होता आणि तिथे त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं: ही बातमी कळावी त्यांच्या मुलाला, क्येयुनेला. मी क्येयुनेकडे बघितलं. तो दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसला होता आणि त्याचा जबडा हलत होता, काहीतरी कडक चावत असल्यासारखा.

चित्रपट संपला. टाळ्या पडल्या असं मी सांगणार नाही, पडल्या नाहीत. चारपाच लोक मधूनच उठून गेले होते. एक म्हातारा दारात मला म्हणाला, "पैसे देऊन रडायला कशाला यायचं? घरी फुकट होतं." बाकीचे बाहेर आले आणि ओमाराच्या गाडीपाशी गोळा झाले. नाब्बोसा शेवटी आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली.

क्येयुने पुढे आला. "जाज्जाचं बरोबर होतं," तो म्हणाला. "ते तसंच असायला हवं. पण छपराचं साफ चूक. नामुन्ये घाबरत नाही."

"हात बघितलेस ना?"

"हात थंडीनं थरथरत होते. तूच म्हणालीस, बर्फ आहे म्हणून!"

"मग मघाशी ऊन कुणी म्हटलं?"

"ते जाऊ दे. तू त्याच्या मनातलं सांगतेस ते तुला कुणी सांगितलं? इंग्रजीत तो तसं म्हणतो का?"

"इंग्रजीत तो काहीच म्हणत नाही. म्हणून तर बघावं लागतं."

"मी पुन्हा बघणार," क्येयुने म्हणाला. "आत्ता. आणि घाबरलेला नसला तर सगळ्यांसमोर तू तसं म्हणायचं."

"आणि असला तर?"

"तर... तर बघू."

सालोंगोनं एवढ्या घाईनं कधी दार उघडलं नसेल. निम्मे लोक पुन्हा आत गेले, फक्त हात बघायला. छपराचा प्रसंग तिनं तीनदा थांबवून दाखवला. एकमत झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

नाब्बोसाची रेडिओची नोकरी गेली ती गेलीच. पहिले काही महिने कठीण गेले. मी तिच्या मुलांचे गणवेश मोठे करून दिले, सालोंगो हॉल भरला तरच हात सैल सोडायचा. पण लोक तिच्याकडेच यायला लागले, आमच्या माणसाची बातमी तूच सांग म्हणून. शेवटी सालोंगोनं हॉलच्या मागे खांब उभा करून वर कर्णा बसवला. सकाळी ती तिथून गावातल्या बातम्या सांगते, दुपारी हॉलमध्ये बसते. दोन्ही कामं एका गळ्यानं कशी करतेस, असं कोणी विचारलं की म्हणते, "तुम्ही एकाच तोंडानं जेवता आणि भांडता ना?"

वालुसिंबीची गाठ काढली. तो वाचला, पण आवाज परत आला नाही, कुजबुज तेवढी राहिली. बरेच दिवस तो हॉलकडे फिरकला नाही. मग एका दुपारी, तिसरा चित्रपट लागला असताना, तो येऊन मागच्या बाकावर बसला. लोकांनी जागा करून दिली. विमानातला प्रसंग आला. नाब्बोसानं त्याला बघितलं होतं. तरी तिला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली: त्याला भीती वाटते. अंधारात वालुसिंबीची मान जोरजोरात हलताना दिसली. नाही, नाही, नाही.

चित्रपट संपल्यावर तो तिच्या टेबलापाशी गेला. ती गुडघे टेकायला लागली तर त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या कानाशी बराच वेळ कुजबुजला. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, सगळं चुकतेस. म्हणाले, नामुन्येला भीती वाटत नाही, त्याला कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस भ्यालेल्यासारखाच दिसतो. म्हणाले, उद्या येतो आणि दाखवतो."

"मग?"

"मग काय? या म्हटलं. कंटाळ्याचं मलाही सुचलं नव्हतं. पण पटत नाही." तिनं माइकची वायर गुंडाळायला घेतली. "उद्या त्यांना सहाव्यातलं तळघर दाखवते. बघू, तिथे कंटाळा कुठून आणतात ते."